नावाचा रकाना

चूक माझीच होती. अर्जात मी 'चौक' असा शब्द लिहिला. 'मोकळी जागा' लिहिलं असतं, 'बसायचा ओटा' लिहिलं असतं, अगदी 'आजारी माणसाला फिरायला जागा' असं लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण मला शहाणीला चौक सुचला. आमच्या शहरात चौक म्हटलं की लोक जागा बघत न्हाईत. आधी विचारतात, कोणाच्या नावाचा?

नवीन जालन्यात आमचं फॉल-पिकोचं आणि ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. मागं दोन खोल्या, तेच आमचं घर. दुकानासमोर गल्ली आणि गल्लीपलीकडं पार्किंगचा मोकळा प्लॉट. बियाणं घ्यायला, बँकेच्या कामाला खेड्यापाड्यांतून आलेली माणसं दिवसभर तिथं मोटारसायकली लावतात. आमचे हे एका बियाण्याच्या गोदामात कामाला होते. पोत्यावरच्या चिठ्ठीचा नंबर आणि हातातल्या कागदावरचा नंबर जुळवायचा, हे त्यांचं काम. एकेका आकड्याखालून बोट फिरवायचे आणि जुळलं की म्हणायचे, "बराबर." सगळी उमर ह्या एका शब्दात गेली. घरी वरणाचं मीठ चाखलं तरी बराबर. मी चिडवायची, "मला बघायला आल्ते तेव्हापण माझ्या नाकाखालून बोट फिरवून बराबर म्हणाले असाल." ते हसायचे.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप खाली पडला. मी आधी ओरडले, की चांगला धडका कप फोडला. मंग तोंडाकडं बघितलं. तोंड वाकडं झाल्तं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा जिभेवर एकच शब्द राह्यला होता. कोणता ते सांगायला नको. भूक लागली तरी बराबर, पाठ दुखली तरी बराबर, माझ्यावर चिडले तरी बराबर. पहिले आठ दिवस मी पदर तोंडात कोंबून रडले. मंग हळूहळू ओळखू यायला लागलं. तुटका आला तर हो. लांबवला तर न्हाई. डावा हात वर करून आला तर बास झालं, जा आता. एकाच शब्दाचे मी पाचसहा अर्थ शिकले.

डॉक्टर म्हणाले होते, "बाई, पहिले सहा महिने लय महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. ह्यांना चालवा. सपाट जमिनीवर, सरळ रेषेत, रोज. बसवून ठेवलं तर पाय आखडंल."

सपाट जमीन! आमच्या घरात पलंगापासून शिलाई मशीनपर्यंत सहा पावलं. गल्लीत नाली, नालीवर फरशी, फरशी हलती. पुढं रस्त्यावर रिक्षा अंगावर येतात. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना चार पायांची काठी धरायला लावून रस्त्यावर नेलं, तर मागून हॉर्न वाजला आणि ह्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला. घरी येऊन पलंगावर बसवलं आणि दाराशी उभी राहून मी समोरच्या प्लॉटकडं बघत बसले. एवढी सपाट जागा, आणि तिच्यावर नुसती लोखंडं उभी.

पार्किंगवाले मामा साठीच्या पुढचे, गळ्यात शिट्टी, तोंडात सुपारी. गाड्या ओळीत लागाव्या म्हणून ते रोज सकाळी चुन्याच्या फक्कीनं पांढरे पट्टे मारायचे. फाटकापासून पलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत बावीस पट्टे. त्यांना मी म्हणाले, "मामा, सहा वाजले की गाड्या निघतात. मंग तासभर ह्यांना आत चालवू का?"

"आवो, विचारायचं काय त्यात? आणा की बिनधास्त."

पहिल्या दिवशी एक पट्टा ओलांडला आणि हे घामानं भिजले. एक पट्टा म्हणजे दोन मोटारसायकलींच्या मधली जागा. मी घरी येऊन कॅलेंडरवर एक लिहिला. पाचव्या दिवशी तीन झाले. त्यांना पट्टा दिसला की पाय उचलता यायचा, पट्टा नसला की पाय जमिनीला चिकटायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, डोळ्याला खूण लागते. मंग मामा संध्याकाळी मोडलेले पट्टे परत फक्की टाकून सरळ करू लागले. लिंबापर्यंत पोचायचं, असं आम्ही ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. हे म्हणाले बराबर, तुटका.

मागच्या गल्लीतल्या खाला गुडघ्यांच्या दुखण्यानं बेजार. आम्हाला बघून त्यापण चटई घेऊन आल्या. दोन फेऱ्या मारायच्या आणि चटईवर बसून ह्यांच्यावर ओरडायच्या, "चलो भाईजान, एक लाइन और! घर जाके क्या करते?" खाला आल्या म्हणून त्यांच्या सुना आल्या. सुना मेथी निवडायला घेऊन आल्या म्हणून आमच्या बाजूच्या बायापण सूप घेऊन आल्या. पोरी लंगडी खेळायला लागल्या, पट्टे आयते होतेच. फुटाण्याचा गाडा फाटकाशी उभा राहू लागला. वडीगोद्रीकडच्या कोणाच्या तरी शेतातून एकदा हुरडा आला, तो तिथंच गोवऱ्या पेटवून भाजला आणि ह्यांनी डाव्या हातानं खाल्ला. मामांनी सहा वाजता फाटकाला आडवी दोरी बांधायची पद्धत पाडली. दोरी बांधली की गाडी बंद, माणसं चालू.

आणि सगळे मोजायचे. हे पाय उचलायचे आणि मेथी निवडता निवडता बाया म्हणायच्या, अकरा. पोरी ओरडायच्या, बारा! फुटाणेवाला तराजू खाली ठेवून बघायचा. पौषात हे एकोणीस पट्ट्यांपर्यंत गेले. तीन राह्यले होते. त्या दिवशी मी आनंदानं मामांसमोर ह्यांचा गालगुच्चा घेतला. सगळ्या बाया हसल्या. हे लाजले. माणूस लाजतो म्हणजे आत सगळा शाबूत आहे, असं मला वाटलं, आणि इतकं बरं वाटलं की रात्री मी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी एक टेम्पो दोरी तोडून आत आला. पंधराव्या पट्ट्यावर हे उभे. टेम्पो हातभर अंतरावर थांबला. मी त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या. तो शांतपणे म्हणाला, "बाई, शिव्या कशाला देऊन राह्यल्या? बोर्ड वाचा. पार्किंग लिहिलंय का न्हाई?"

लिहिलं होतं. तोंडात मारल्यासारखं झालं. आपण दुसऱ्याच्या जागेत बसलो आहोत, आज ना उद्या कोणीपण उठवंल. तेव्हा तीन महिने सरले होते, तीन उरले होते. मी त्याच रात्री वहीचा कागद फाडून अर्ज लिहिला. 'सदर वाहनतळाच्या जागी संध्याकाळी सहानंतर सार्वजनिक चौक करण्यात यावा.' हसनाबादला माझ्या माहेरी घराच्या मधोमध चौक होता. पापड तिथं वाळायचे, लग्नं तिथं लागायची, आजारी माणसाची खाटपण तिथंच. माझ्या डोक्यात तो चौक. साऱ्या गल्लीनं सह्या केल्या, खालांनी उर्दूत केली.

कार्यालयातला बाबू मोठा गरीब स्वभावाचा. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, अर्ज वाचला आणि एक छापील फॉर्म काढला. म्हणाला, "चौकाचं नाव काय टाकायचं?"

"नाव कशाला? नुसता चौक."

"बिननावाचा चौक असतो का ताई? हा रकाना भरल्याशिवाय फाईल पुढं सरकत न्हाई."

मी त्या दिवशी ह्यांना खालांच्या हवाली करून आल्ते. जीव घराकडं लागलेला. ऊन लागून डोकं तापलेलं. तीन वेळा समजावून सांगितलं, चौथ्यांदा त्यानं परत विचारलं, नाव? मी उसळले. "मंग लिहा आमच्या ह्यांचं! त्यांच्यासाठीच चालू आहे हे सगळं!" आणि खरंच त्यांचं पूर्ण नाव सांगून टाकलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

बाबूनं शांतपणे लिहून घेतलं. मंग पेन थांबला. आवाज खाली आणून विचारलं, "कधी गेले?"

"कोण गेलं? घरी बसून चहा पिऊन राह्यले!"

तो ओशाळला. "माफ करा ताई. चौकाला नाव गेलेल्या माणसाचंच देतात. जिवंत माणसाचं चालत न्हाई."

"मंग खोडा!"

"बराबर," तो म्हणाला. "तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी बघतो फाईल पुढं कशी सरकवायची ते."

त्यानं खोडलं का न्हाई ते मी बघितलं न्हाई. बघायला पाह्यजे होतं. नवरा आयुष्यभर एकेक अक्षर बोटानं तपासत बसला, आणि मी बाई कागदाकडं न बघता उठून आले.

पंधरा दिवसांनी फाटकावर नोटीस लागली. चौकास नाव देण्याबाबत सूचना आणि हरकती मागवण्यात येत आहेत. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर प्लॉटात दोन बोर्ड उभे. एक फाटकाशी, एका थोर माणसाच्या नावाचा. दुसरा लिंबाखाली, दुसऱ्या थोर माणसाच्या नावाचा. दोन्ही माणसं मोठी, दोघांच्या फोटोला मी हात जोडते. पण बोर्डांच्या मागं दोन मंडळं उभी होती आणि त्यांचे हात जोडलेले नव्हते. दुपारपर्यंत दगडांची, चपलांची फेकाफेक झाली. संध्याकाळी पोलिसांनी लोखंडी बॅरिकेड लावली. दोन्ही बोर्डांना पांढरं कापड गुंडाळलं. आत कोणीच जायचं न्हाई. गाडी न्हाई, माणूस न्हाई, खालांची चटई न्हाई.

सहा वाजता हे काठी धरून दाराशी येऊन उभे राह्यले. मी सांगितलं, आज न्हाई. त्यांनी लांबवलेला बराबर म्हटला. दुसऱ्या दिवशी परत उभे. तिसऱ्या दिवशी परत.

मी एका मंडळाच्या अध्यक्षाकडं गेले. पोरगाच तो, माझ्याकडं त्याच्या आईचे ब्लाऊज शिवायला येतात. म्हणाला, "मावशी, तुमचं बिलकुल बराबर आहे. काकांना चाललंच पाह्यजे. पण आधी नावाचं ठरू द्या." दुसऱ्याकडं गेले. त्यानं माझ्या पायाला हात लावला. "ताई, तुमचं बराबर आहे. फक्त त्यांना बोर्ड काढायला सांगा." मी म्हणाले, अरे बाबांनो, त्या थोर माणसांना विचारा रे, ते असते तर त्यांनी ह्या माणसाला हात धरून चालवलं असतं! तर म्हणतात कसे, बराबर आहे. हा एक शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. घरी एक माणूस बराबर म्हणतो कारण त्याला दुसरा शब्द येत न्हाई. ह्या मंडळवाल्यांना सगळे शब्द येत होते.

दुकानदार माझ्याशी बोलेनासे झाले. गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा राह्यली न्हाई, ह्या बाईच्या अर्जामुळं. मामांचं काम गेलं. ते सकाळी सवयीनं यायचे, शिट्टी गळ्यात घालून माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून राह्यचे. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला न्हाई. लावला असता तर बरं झालं असतं.

घरात सहा पावलं चालवून मी थकले, हे थकले. जमिनीवर खडूनं रेघा मारल्या, तर पलंग लागायचा, मशीन लागायचं. पाय वळायला लागला. सकाळी बोटं आतल्या बाजूला ओढलेली दिसायची, मी तेल लावून ताणायची, संध्याकाळी परत आत. कॅलेंडरवर एकोणीसच्या पुढं मी काहीच लिहिलं न्हाई. पाचवा महिना लागला. माझा जीव तीळतीळ तुटत होता, आणि समोर, वीस पावलांवर, जालन्यातली सगळ्यात मोकळी जागा रिकामी पडली होती.

एका दुपारी ऊन असं होतं की कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. पहाऱ्यावरच्या शिपायाला मी ताक नेऊन दिलं. खोटं कशाला बोलू, लाच म्हणूनच दिलं. म्हणाले, "दहा मिनिटं, दादा. ह्यांना फक्त एक फेरी मारू द्या." त्यानं ताक प्यायलं, ह्यांच्या पायाकडं बघितलं आणि बॅरिकेड हातभर सरकवून तोंड फिरवलं. भला माणूस.

मी ह्यांना आत नेलं. हे उभे राह्यले. समोर नुसती माती. दीड महिन्यात वाऱ्यानं फक्की उडून गेली होती. एकपण पट्टा न्हाई. ह्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, खाली वाकून बघितलं. पट्टे शोधत होते. "चला ना," मी म्हणाले. "अहो, उचला ना पाय. मी आहे ना." पाय हलला न्हाई. मी माझी चप्पल काढून त्यांच्या पुढं आडवी ठेवली, पट्टा म्हणून. त्यांनी चपलेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून कोणीतरी मोबाइल धरला. संध्याकाळपर्यंत गावभर व्हिडिओ फिरला, की पोलीस एका बाजूच्या माणसाला आत सोडून राह्यले. आमची कोणती बाजू, ते मला अजून कळलेलं न्हाई. त्या शिपायाची दुसरीकडं बदली झाली. बॅरिकेडला साखळी आली.

गुढीपाडव्यानंतर डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी पाय वाकवून बघितला, परत बघितला. "मध्ये चालणं बंद केल्तं का?" मी प्लॉटाचं सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे. आता जेवढं आहे तेवढं टिकवू." येताना रिक्षात मी ह्यांचा वळलेला हात धरून बसले होते. प्लॉटाजवळून गेलो तेव्हा त्यांनी तिकडं बघितलंसुद्धा न्हाई.

मागच्या आठवड्यात पत्र आलं. कार्यालयाचा शिपाई देऊन गेला. माझे हात फॉलमध्ये अडकलेले, मी म्हणाले, ठेवा तिथं. हे दारात खुर्चीवर होते. त्यांनी डाव्या हातानं पाकीट ओढलं, दातानं फाडलं आणि कागद मांडीवर पसरला. लकवा झाल्यापासून त्यांनी वाचायचं म्हणून कशाला हात लावला नव्हता. मी मशीन थांबवलं. मला बरं वाटलं हो. म्हटलं, वाचून राह्यले!

उठून त्यांच्या मागं जाऊन उभी राह्यले. वर माझं नाव होतं आणि नावाआधी 'श्रीमती' लावलेलं. आमच्याकडं नवरा असलेल्या बाईला पत्रात सौ. लावतात. मला वाटलं, छापण्यात चुकलं असंल. मंग खालचं वाचलं. चौकाच्या नावावरून वाद असल्यामुळं निर्णय होईपर्यंत सदर जागा सर्व वापरासाठी बंद राहील. विचाराधीन नावं तीन. पहिलं त्या थोर माणसाचं. दुसरं दुसऱ्याचं. तिसऱ्या ओळीत आमच्या ह्यांचं पूर्ण नाव, आणि त्याच्याआधी 'कै.'

बाबूनं खोडलं नव्हतं. फाईल सरकावी म्हणून त्या भल्या माणसानं फक्त एक अक्षर वाढवलं होतं.

मी कागद ओढायला हात पुढं केला. त्यांनी सोडला न्हाई. त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवर आलं. आधी 'कै.'खाली थांबलं. मंग नावाखालून गेलं, हळूहळू, एकेका अक्षराखालून. मंग वडिलांचं नाव. मंग आडनाव. शेवटच्या अक्षरावर बोट टेकलं. मंग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"बराबर," ते म्हणाले.

तुटका नव्हता तो, लांबवलेला नव्हता, हात वर केलेला नव्हता. गोदामातला होता, चिठ्ठी जुळल्यावरचा. सहा महिन्यांत मी तो पहिल्यांदा ऐकला.